रात्रीच्या लक्षणांची यादी : एक चिकित्सा

आरोग्यविषयक लिखाणात एक प्रकार चांगलाच रुळला आहे. रात्री अमुक सात गोष्टी जाणवल्या तर मधुमेहाची शंका घ्या, असे सांगणारी यादी. कधी ती वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत असते, कधी दवाखान्याच्या भिंतीवर, कधी मोबाइलवर फिरत येते. शाळेत आरोग्यदिन साजरा करायचा झाला की तीच यादी फळ्यावर उतरते. मुद्देही साधारण ठरलेले असतात : रात्री लघवीला वारंवार उठावे लागणे, तहान लागणे, घसा कोरडा पडणे, घाम फुटणे, तळपायांची आग होणे, अंगाला खाज सुटणे, झोपूनही थकवा न जाणे.

यादीमागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. यांतील कितीतरी जणांना आपल्याला हा आजार आहे, हे ठाऊकच नसते. तेव्हा लोकांना सावध करायलाच हवे. प्रश्न एवढाच, की ही यादी ते काम नीट करते का? एखाद्या पुस्तकाचे करावे तसे तिचे परीक्षण करून पाहू. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत. यादीतील गोष्टी मधुमेहात कशामुळे घडतात? त्या एकाच प्रकारच्या आहेत का? आणि यादी वाचणारा माणूस पुढे जे करतो, ते त्याच्या हिताचे ठरते का?

मुंग्यांची साक्ष

नागपूरच्या सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि तेथून फार दूर नाही असे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’. नावात साखर ऐकू येणाऱ्या या वस्तीच्या आसपास मधुमेहाच्या वर्णनाच्या दोन परंपरा शिकवल्या जातात. विशेष म्हणजे जुन्या परंपरेतही याद्याच आहेत. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रोग उघड होण्याआधीची पूर्वलक्षणेही दिली आहेत. त्यांत तहान आहे, तोंडाला कोरड आहे, हातापायांची आग आहे, आळस आहे. आजच्या यादीशी किती जुळते पाहा!

परंतु त्या जुन्या यादीत एक मुद्दा असा आहे, जो आजच्या यादीत नाही. तो म्हणजे रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या येणे. तहान, थकवा, आग या गोष्टी माणसाने सांगायच्या असतात. मुंग्या मात्र कोणाच्याही सांगण्यावर अवलंबून नसतात. मूत्रात गोड पदार्थ आहे की नाही, याची ती एक बाहेरची, तपासून पाहता येणारी खूण होती. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने मधुमेही मूत्र आटवून त्यातून साखरेसारखा पदार्थ मिळवला आणि या निरीक्षणाला रसायनशास्त्राचा आधार मिळाला. लक्षण आणि चाचणी यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगायला मुंग्यांपेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. आजची यादी लक्षणे सांगते आणि तेथेच थांबते, हा तिचा पहिला दोष.

साखर पाण्याला ओढते

आता कारणाकडे वळू. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर या द्रवाबरोबर रोज १८० ग्रॅम साखर मूत्रनलिकांत उतरते. निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत शोषली जाते. हे काम करणाऱ्या वाहक प्रथिनांची क्षमता मात्र मर्यादित असते. रक्तशर्करा साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की वाहक अपुरे पडतात आणि उरलेली साखर मूत्रात राहते.

ही साखर परासरणाच्या नियमाने पाणी धरून ठेवते. थोडे गणित करू. समजा, दिवसाला ९० ग्रॅम ग्लुकोज मूत्रात जात आहे. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे हे अर्धा मोल झाले. रक्तद्रवाची परासरणीय तीव्रता लिटरला सुमारे ३०० मिलिऑस्मोल असते आणि अशा वेळी मूत्राची तीव्रताही तिच्या जवळ येऊ लागते. त्या हिशेबाने ५०० मिलिऑस्मोल साखर बाहेर टाकायला सुमारे दीड लिटर जादा पाणी लागते. म्हणून लघवी वाढते, पाणी गेल्यामुळे तहान वाढते आणि ९० ग्रॅम साखरेतील सुमारे ३६० उष्मांक वाया गेल्याने वजन घटते, भूक वाढते. सुटी वाटणारी ही सगळी लक्षणे अशी एका साखळीत बसतात. हे यादी सांगत नाही. म्हणून वाचणाऱ्याला सात लक्षणे पाठ करावी लागतात आणि समजत एकही नाही.

याच साखळीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असली आणि पुन्हा तपासूनही तसेच आढळले, तर मधुमेहाचे निदान होते. मूत्रात साखर उतरायला मात्र १८०च्या आसपासची पातळी लागते. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षे राहू शकतो. त्याला मधुमेह असतो, पण तहान नसते, लघवी वाढलेली नसते आणि रात्रीची झोपही शांत असते. मुंग्यासुद्धा त्याच्याकडे फिरकणार नाहीत!

रात्रच का?

मूत्रपिंडाला रात्र-दिवस कळत नाही असे नाही. निरोगी माणसात रात्री मूत्ररोधक संप्रेरक अधिक पाझरते, त्यामुळे मूत्र कमी व दाट होते आणि आपण सहा-सात तास सलग झोपू शकतो. मधुमेहात साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून ही रात्रीची सोय मोडते. परंतु लघवी वाढलेली असते ती दिवसाही. दिवसा कामाच्या नादात चार खेपा जास्त झालेल्या लक्षात येत नाहीत. रात्री दोनदा झोपमोड झाली की लगेच लक्षात येते. म्हणजे ‘रात्रीचे लक्षण’ हे बऱ्याच अंशी आपल्या लक्ष जाण्याचे फळ आहे.

म्हणून केवळ किती वेळा उठलो हे मोजून भागत नाही; दर वेळी किती लघवी झाली आणि दिवसा काय स्थिती होती, हेही पाहावे लागते. रात्रंदिवस भरपूर लघवी होत असेल तर साखरेची शंका घेणे रास्त आहे. वारंवार पण थोडी थोडी होत असेल तर उतारवयातील पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, किंवा कोणालाही मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. दिवसा ठीक आणि फक्त रात्रीच भरपूर असेल तर दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येत असेल. हृदयाचा अशक्तपणा, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार किंवा संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी ही कारणेही असतात. यांतली काही मधुमेहाइतकीच गंभीर आहेत. यादी वाचून साखर तपासली, ती ठीक निघाली आणि माणूस निर्धास्त झाला, तर हृदयाचे दुखणे तसेच राहून जाईल.

एका टोपलीत तीन प्रकार

यादीचा आणखी एक मोठा दोष वर्गीकरणाचा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला तो खटकायला हवा. तहान, लघवी आणि वजन घटणे ही साखर वाढल्याची थेट लक्षणे आहेत. तळपायांची आग होणे किंवा मुंग्या येणे हा बहुधा चेतातंतूंना झालेल्या इजेचा परिणाम. साखर बराच काळ वाढलेली राहिल्यावर तो दिसतो. तोच त्रास ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो आणि आपल्याकडील शाकाहारी घरांत ही कमतरता नवलाची नाही. मधुमेहासाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषधही दीर्घकाळ घेतल्यास ‘ब-१२’ कमी करू शकते.

रात्री दरदरून घाम येणे तर तिसऱ्याच प्रकारात मोडते. मधुमेहाच्या संदर्भात तो मुख्यतः साखर कमी झाल्याचे लक्षण आहे आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना तो येतो. म्हणजे ज्याच्या आजाराचे निदान होऊन उपचार सुरू आहेत, त्याच्यासाठी ही धोक्याची घंटा आहे. त्याने उठून ताबडतोब साखर किंवा गोड पेय घ्यायला हवे. हाच मुद्दा ‘मधुमेह ओळखा’ या मथळ्याखाली छापला की उपचार घेणारा रुग्ण साखर वाढली असे समजून दुसऱ्या दिवशी खाणे आणखी कमी करण्याची भीती आहे. लक्षण बरोबर, मथळा चुकीचा आणि परिणाम नेमका उलटा.

वर्गात करून पाहण्याजोगा हिशेब

‘मधुमेह असेल तर रात्री उठावे लागते’ आणि ‘रात्री उठावे लागते म्हणून मधुमेह आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. पावसाने रस्ता ओला होतो, पण ओल्या रस्त्यावरून पाऊस सिद्ध होत नाही. टँकरही गळत असेल. नववी-दहावीच्या मुलांना हे आकड्यांत दाखवता येते. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, एका वस्तीत १००० प्रौढ आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्यांपैकी निम्मे, म्हणजे ५० जण रात्री दोनदा उठतात. उरलेल्या ९०० जणांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे २२५ जण इतर कारणांनी दोनदा उठतात. एकूण उठणारे झाले २७५. त्यांत मधुमेही ५०, म्हणजे अकरा जणांत दोन. उरलेले नऊ विनाकारण घाबरतील. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की शांत झोपणाऱ्या ५० मधुमेहींना यादीने ‘तुम्हाला काही नाही’ असे न बोलता सांगून टाकले. खोटी भीती चाचणीने दूर होते. खोटा दिलासा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. मुलांना आकडे बदलून हा हिशेब पुन्हा करायला सांगावे. उत्तर कोणत्या आकड्याने किती हलते, हे पाहण्यात खरी मौज आहे.

विदर्भाची यादी वेगळी हवी

यादीला स्थळकाळ नसतो, हाही एक दोषच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत सक्करदऱ्यातल्या कोणत्याही घरात रात्री उठून माठातले पाणी पिणे हे लक्षण नसून शहाणपण आहे. तहानेचा अर्थ ऋतूवर अवलंबून असतो. डिसेंबरच्या थंडीत तीच तहान लागली तर तिचे वजन वेगळे.

याहून महत्त्वाची गोष्ट सिकलसेलची. मध्य भारतातील या रक्तदोषावर शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर असल्याचे आता सर्वज्ञात आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षारांचे प्रमाण जास्त असते. अशा ठिकाणी सिकलसेलच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूत्र दाट करण्याची क्षमता लहानपणीच कमी होऊ लागते. परिणामी मूल रात्री वारंवार उठते किंवा अंथरूण ओले करते, आणि साखर अगदी योग्य असते. शिवाय या रुग्णांत लाल पेशींचे आयुष्य १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच असल्याने तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ‘एचबीए१सी’ चाचणी फसवी ठरते. ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची व ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांची रक्तशर्करा पाहणेच योग्य. दुसऱ्या मुलखातल्या याद्या जशाच्या तशा उतरवून घेतल्याने विदर्भातील मुलांचे काय होऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे.

एक लक्षण, एक कृती

मग रात्रीच्या लक्षणांबद्दल बोलूच नये का? तसे मुळीच नाही. लहान मुलांच्या बाबतीत रात्रीचे एक लक्षण जीव वाचवू शकते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि आजार काही आठवड्यांत बळावतो. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते, घटाघटा पाणी पिते, खाऊनही वाळत जाते. दुर्लक्ष झाले तर रक्त आम्लयुक्त होते. पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. हे दुखणे पोटाचे किंवा छातीचे समजून उपचारात दिवस गेले, तर मूल दगावू शकते.

इटलीतील पार्मा या परगण्यात १९९१च्या सुमारास यावर एक साधा उपाय योजण्यात आला. शाळांतून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून एक भित्तिपत्रक लावले गेले. त्यात भर होता तो मुख्यतः कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागण्यावर. शिक्षकांना आणि पालकांना त्याचा अर्थ समजावून दिला, डॉक्टरांना साखर तपासण्याची साधने दिली. त्याआधीच्या चार वर्षांत नव्याने निदान झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुले रक्त आम्लयुक्त झालेल्या अवस्थेत येत. पुढील वर्षांत, १९९७ पर्यंत, हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले.

हे भित्तिपत्रक आणि आपली यादी शेजारी ठेवून पाहा. पत्रकाचा वाचक ठरलेला आहे, यादी सर्वांसाठी आहे आणि म्हणून कोणासाठीच नाही. पत्रकाने असे लक्षण निवडले, जे नव्याने सुरू झाल्यावर सहज ओळखता येते आणि लहान मुलांत ज्याची इतर कारणे त्याच दिवशी तपासून वेगळी काढता येतात. आणि पत्रक पुढची कृती सांगते : आजच साखर तपासा. यादी मात्र सावध राहा एवढेच सांगते. सावध राहणे ही कृती नव्हे.

शाळेने काय करावे

प्रौढांसाठी लक्षणांपेक्षा जोखीम मोजणे अधिक उपयोगाचे. चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात चारच गोष्टी विचारल्या जातात : वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का. शंभरपैकी ६० किंवा अधिक गुण म्हणजे जोखीम जास्त, रक्त तपासून घ्यावे. यात रात्रीचा प्रश्न नाही, लक्षणांचाही नाही. कमरेचा घेर का, हेही मुलांना सांगावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले, की वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. ‘आम्ही कुठे जाड आहोत’ हे समाधान त्यामुळे पुरेसे नाही. तीस वर्षांवरील कोणालाही सरकारी आरोग्य केंद्रात रक्तशर्करेची प्राथमिक तपासणी करून घेता येते.

मुलांसाठी मात्र नजर शिक्षकाचीच हवी. दर तासाला लघवीची परवानगी मागणारा, बाटलीमागून बाटली पाणी पिणारा, दोन महिन्यांत गणवेश सैल झालेला विद्यार्थी खोडकर आहे असे ठरवण्याआधी पालकांना बोलावून त्याच दिवशी बोटाच्या थेंबावर साखर तपासायला सांगावे. ज्याचे निदान झाले आहे, त्याला वर्गात पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची आणि साखर उतरल्यास खाण्याची मुभा असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा मुलांना परीक्षेच्या दालनात खाऊ नेण्याची परवानगी दिली. तासाच्या वर्गात ती द्यायला कोणत्याही मंडळाची वाट पाहावी लागत नाही.

आणि पुढच्या आरोग्यदिनी सात लक्षणे फळ्यावर लिहिण्याचा मोह झालाच, तर प्रत्येक लक्षणासमोर तीन रकाने काढावेत : हे कशामुळे होते, आणखी कशामुळे होऊ शकते, आणि कोणत्या चाचणीने खात्री करता येईल. रकाने मुलांनाच भरू द्यावेत. ज्या ओळीतले रकाने भरता येणार नाहीत, ती ओळ पुसून टाकावी. जे उरेल ते लहान असेल, पण भिंतीवर लावण्याजोगे असेल.